घटक ६ : वृत्तपत्र, वाचकसमूह आणि बहिष्काराची भाषा

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• ‘बहिष्कार’ या शब्दाची घडण व त्याच्या अर्थात झालेला बदल स्पष्ट करता येईल.
• बंदी, निषेध, बहिष्कार आणि सामाजिक बहिष्कार या संकल्पनांमधील भेद सांगता येईल.
• एकाच शब्दाचे किंवा चित्राचे दोन वाचकसमूह दोन अर्थ का लावतात, याचे उदाहरणांसह विवेचन करता येईल.
• बहिष्काराच्या पत्रकातील क्रियापदाच्या रूपांवरून त्या आवाहनाचे स्वरूप ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय भाषेची वैशिष्ट्ये पाहिली. मथळा, बातमी, अग्रलेख, स्तंभ आणि व्यंगचित्र यांची भाषा कशी वेगवेगळी असते, हे आपण अभ्यासले. तेथे आपले लक्ष लिहिणाऱ्याकडे होते. या घटकात आपण वाचणाऱ्याकडे वळणार आहोत. आणि तेही अशा क्षणी, जेव्हा वाचक वाचण्यास नकार देतो.

काही वर्षांपूर्वी परभणी येथील एका संपर्कसत्रात वृत्तपत्रीय भाषेवर बोलत असताना मी वर्गाला विचारले, “एखाद्या समाजाने वृत्तपत्रावर बहिष्कार टाकला म्हणजे नेमके काय केले?” बहुतेकांनी उत्तर दिले, “पेपर घेणे बंद केले.” मागच्या बाकावरील एक विद्यार्थी मात्र उभा राहिला. पहाटे घरोघर वृत्तपत्रे टाकून तो शिक्षण घेत होता. तो म्हणाला, “सर, बहिष्कार पेपरवर होता, पण अडवली माझी सायकल.” वर्ग क्षणभर शांत झाला. त्याचे वाक्य साधे होते, परंतु त्यात या घटकाचा संपूर्ण प्रश्न सामावलेला आहे. ‘मी घेणार नाही’ हे म्हणणे आणि ‘कोणाला घेऊ देणार नाही’ हे म्हणणे एकाच शब्दात कसे मावते? त्या दोहोंतील अंतर भाषेच्या अभ्यासकाला कोठे दिसते? या प्रश्नांची उत्तरे आपण शोधू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ‘बहिष्कार’ : शब्दाची घडण आणि अर्थाचा प्रवास

‘बहिष्कार’ हा तत्सम शब्द आहे. ‘बहिः’ म्हणजे बाहेर आणि ‘कार’ म्हणजे करणे. विसर्गापूर्वी इ किंवा उ हा स्वर असून पुढे क आला, तर विसर्गाचा ‘ष्’ होतो; म्हणून बहिः + कार = बहिष्कार. निः + कपट = निष्कपट हे याच नियमाचे उदाहरण. विसर्गापूर्वी अ असल्यास काही शब्दांत ‘स्’ होतो : पुरः + कार = पुरस्कार, तिरः + कार = तिरस्कार. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे आणि ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणे, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बाहेर करणे म्हणजे कशाच्या बाहेर? या शब्दाचा जुना अर्थ जातीच्या, पंक्तीच्या, गावाच्या बाहेर करणे असा आहे. ‘वाळीत टाकणे’, ‘हुक्का-पाणी बंद करणे’ हे त्याचेच लोकभाषेतील पर्याय. या सर्व प्रयोगांत कर्ता समूह असतो आणि कर्म एखादा माणूस किंवा कुटुंब असते. समूह बलवान आणि माणूस एकटा असतो. ज्याला बाहेर काढले त्याला पाणी, पंक्ती, सोयरीक आणि मृत्यूनंतरचे खांदेकरीही मिळत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी घटना घडली. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा इंग्रज व्यवस्थापक जमीनदाराच्या वतीने खंडवसुली करीत असे. खंडात सूट मिळावी, ही कुळांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा तेथील लोकांनी त्याच्याशी सर्व व्यवहार थांबविले. मजूर त्याच्या शेतात जाईनात, दुकानदार माल देईनात. त्याचे आडनावच पुढे इंग्रजीत या कृतीचे नाव झाले. येथे दिशा उलटलेली आहे, हे ध्यानात घ्या. बाहेर काढणारे दुर्बल होते आणि ज्याला बाहेर काढले तो सत्तेचा प्रतिनिधी होता.

मराठीने या नव्या कृतीसाठी जुनाच शब्द वापरला. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर विदेशी मालाविरुद्धची चळवळ उभी राहिली. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या बरोबरीने ‘बहिष्कार’ हे सूत्र आले. ज्या शब्दाने गावात माणूस बाहेर काढला जात होता, त्याच शब्दाने आता मँचेस्टरचे कापड बाहेर काढले जाऊ लागले.

या दोन अर्थांचा भेद मराठीच्या वाक्यरचनेत आजही टिकून आहे. माणसाच्या संदर्भात आपण ‘त्याला बहिष्कृत केले’, ‘त्याला वाळीत टाकले’ असे म्हणतो. वस्तूच्या किंवा व्यवहाराच्या संदर्भात ‘कामकाजावर बहिष्कार टाकला’, ‘मतदानावर बहिष्कार घातला’ असे म्हणतो. पहिल्या रचनेत ‘ला’ येतो, दुसरीत ‘वर’. वृत्तपत्राचा बहिष्कार हा या दुसऱ्या रचनेतील आहे. तो पहिल्या रचनेकडे केव्हा सरकतो, हे आपण ६.३.५ मध्ये पाहू.

आणखी एक भेद येथेच नोंदवू. ‘बंदी’ आणि ‘बहिष्कार’ हे समानार्थी नाहीत. बंदी सत्ता घालते, बहिष्कार वाचक टाकतो. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले, ते संस्थानाबाहेर, पुण्याहून. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून पुन्हा पुन्हा निघत राहिले. तेथे वाचकाला पत्र हवे होते आणि सत्ता ते पोहोचू देत नव्हती. बहिष्कारात पत्र दारापर्यंत येते आणि वाचक ते नाकारतो.

६.३.२ वृत्तपत्राने टाकलेला बहिष्कार

समाजाने वृत्तपत्रावर टाकलेल्या बहिष्काराचा विचार करण्यापूर्वी त्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. वृत्तपत्रही एखाद्या समाजाला आपल्या स्तंभांबाहेर ठेवू शकते. त्यासाठी ठराव किंवा पत्रक काढावे लागत नाही. न छापणे पुरेसे असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य केले होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे नमूद केली आहे. विदेशी मालावरील बहिष्काराचा पुरस्कार करणारे पत्र स्वदेशातील एका समूहाच्या पत्राची जाहिरातही स्वीकारत नव्हते. ‘बहिष्कार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठी वृत्तपत्रसृष्टीत एकाच वेळी कसे नांदत होते, ते या एका प्रसंगातून दिसते.

ज्या समाजाचे नाव वृत्तपत्रात येतच नाही, त्याने ते वृत्तपत्र घेणे बंद केल्याने काय साधणार? त्याच्यासमोर दुसरा मार्ग असतो : स्वतःचे पत्र काढणे. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेल्या ‘दीनबंधु’पासून हा मार्ग मराठीत सुरू होतो. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ असे ठेवले. ज्या विशेषणाने इतरांनी बाहेर काढले, तेच विशेषण पत्राच्या शीर्षस्थानी आले. ‘मूक’ आणि ‘बहिष्कृत’ या दोन्ही शब्दांत अभाव आहे : एकात वाणीचा, दुसऱ्यात जागेचा. परंतु तो अभाव ज्याचा त्यानेच उच्चारला की त्याचे रूपांतर आरोपात होते. ‘मूक’ हा शब्द लक्षात ठेवा. तो आपल्याला लवकरच पुन्हा भेटणार आहे.

६.३.३ एक चित्र, दोन वाचने

नोव्हेंबर २०१५ च्या अखेरच्या रविवारी ‘लोकमत’च्या ‘मंथन’ पुरवणीत इसिस या दहशतवादी संघटनेच्या अर्थकारणावर एक लेख आला. त्यासोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराचा गल्ला होता आणि त्यावर त्या संघटनेच्या ध्वजावरील अरबी अक्षरे होती. मुस्लिम समाजात तीव्र संताप उमटला. अनेक ठिकाणी निदर्शने झाली, अंक जाळण्यात आले, काही कार्यालयांवर हल्लेही झाले. वृत्तपत्राने माफी मागितली.

हा प्रसंग भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहू. सोस्यूर या भाषावैज्ञानिकाने चिन्हाचे दोन घटक मानले : चिन्हक, म्हणजे दिसणारे किंवा ऐकू येणारे रूप, आणि चिन्हित, म्हणजे त्यातून बोध होणारी संकल्पना. या दोहोंचा संबंध निसर्गाने दिलेला नसतो, तर समाजाच्या संकेताने ठरतो. लेखाला चित्र जोडणाऱ्याच्या दृष्टीने ती अक्षरे ‘त्या संघटनेचा ध्वज’ या चिन्हिताकडे नेणारी होती. मुस्लिम वाचकाच्या दृष्टीने तीच अक्षरे ईश्वराचे व प्रेषिताचे नाव होती. संघटनेने ती ध्वजावर घेतल्यामुळे ती तिच्या मालकीची झाली नव्हती. चिन्हक एक होते; संकेत मात्र दोन होते.

चित्रातील दुसरा घटक आणखी उद्बोधक आहे. डुकराच्या आकाराचा गल्ला हा इंग्रजी भाषेच्या जगातील संकेत आहे. तेथील मुलांच्या बचतीच्या डब्याचे नावच त्या प्राण्यावरून पडले आहे आणि ते नाव उच्चारताना त्यांना तो प्राणी आठवतही नाही. आपल्याकडील गल्ला मातीचा, गोल, वर खाच असलेला. जत्रेतून आणायचा आणि भरला की फोडायचा. त्याचा डुकराशी संबंध नाही. म्हणजे परभाषेतील एक रूढ रूपक जसेच्या तसे मराठी पानावर उतरविले गेले. मूळ भाषेत झिजून गेलेला प्राणी येथे पुन्हा प्राणी म्हणून जिवंत झाला, आणि तोही पवित्र अक्षरांखाली. भाषांतर करताना वाक्प्रचार शब्दशः आणू नये, हा नियम आपण चौथ्या घटकात अभ्यासला. तो चित्रांनाही लागू आहे, हे येथे दिसते.

हेतू दुखावण्याचा नव्हता, असे म्हणता येईल. परंतु अर्थ केवळ हेतूने ठरत नाही. परभणीसारख्या शहरात, जेथे मराठी आणि उर्दू एकाच बाजारपेठेत बोलल्या जातात, तेथे मराठी वृत्तपत्राचा वाचक एकाच संकेतव्यवस्थेतील असेल हे गृहीतक चुकीचे ठरते.

६.३.४ एक शब्द, दोन अर्थ

जुलै २०१६ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद येथून मराठा क्रांती मूक मोर्चांची मालिका सुरू झाली. परभणीचा मोर्चा ३ सप्टेंबर २०१६ रोजी निघाला. तुमच्यापैकी काही जण त्यात चालले असतील, काहींनी तो रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिला असेल. लाखोंचा समुदाय घोषणेशिवाय चालत होता आणि मुली-महिला अग्रभागी होत्या. येथे मौन हीच भाषा होती.

२५ सप्टेंबर २०१६ रोजी, पुण्यातील मोर्चाच्याच दिवशी, ‘सामना’च्या रविवारच्या ‘उत्सव’ पुरवणीत एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. ते ‘मूक’ आणि ‘मुका’ यांवरील कोटीवर आधारलेले होते. ठिकठिकाणी निषेध झाला, अंकांची होळी झाली. दोन दिवसांनी नवी मुंबईत ‘सामना’च्या छापखान्यावर दगडफेक झाली. व्यंगचित्रकाराने दिलगिरी व्यक्त केली आणि ऑक्टोबरच्या आरंभी संपादक उद्धव ठाकरे यांनी जाहीर माफी मागितली.

या कोटीचे व्याकरण पाहू. ‘मूक’ हे तत्सम विशेषण आहे. ते अविकारी आहे : मूक मुलगा, मूक मुलगी, मूक जनावर. त्याचे तद्भव रूप ‘मुका’ हे विकारी विशेषण आहे : मुका मुलगा, मुकी मुलगी, मुके जनावर. याखेरीज मराठीत ‘मुका’ हे चुंबन या अर्थाचे पुल्लिंगी नामही आहे : मुका घेणे, मुका देणे. म्हणजे ‘मूक’चे तद्भव ‘मुका’ आणि नाम ‘मुका’ हे परस्परांचे समध्वनी शब्द झाले. मोर्चाच्या आयोजकांनी ‘मूक’ हे तत्सम, गंभीर रूप निवडले होते. व्यंगचित्राने त्याला तद्भवाच्या वाटेने दुसऱ्याच नामाकडे नेले.

केवळ शब्दाच्या पातळीवर पाहिल्यास हा नेहमीचा शब्दश्लेष आहे. मराठी विनोदात असे श्लेष शेकड्यांनी सापडतात. मग हाच का बोचला? कारण श्लेषाचा अर्थ संदर्भातून पूर्ण होतो. या मोर्चामागे एका मुलीवरील अत्याचार होता. पुढे चालणाऱ्या मुली होत्या. अशा मोर्चाच्या नावात शारीर जवळिकीचा अर्थ घुसविणे म्हणजे ज्या दुःखासाठी मौन धरले होते, त्या दुःखालाच विनोदाचा विषय करणे, असे वाचकांना वाटले. विनोद शब्दावर होता, घाव संदर्भावर बसला.

१९२० साली ‘मूक’ हा शब्द वाणी नाकारलेल्यांच्या पत्राचे नाव होता. २०१६ साली तो वाणी असूनही मौन स्वीकारलेल्यांच्या मोर्चाचे नाव झाला. दोन्ही ठिकाणी तो शब्द त्या त्या समूहाने स्वतःसाठी निवडला होता. एखाद्या समूहाने स्वतःसाठी निवडलेल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याने बदलणे, हे अशा वादांचे एक प्रमुख कारण असते.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) ‘बहिष्कार’ व ‘पुरस्कार’ या शब्दांतील विसर्गसंधीचा फरक सांगा.
(आ) बंदी आणि बहिष्कार यांत मुख्य भेद कोणता?
(इ) ‘मुका’ या रूपाचे दोन व्याकरणिक वर्ग कोणते?

६.३.५ नकाराच्या पायऱ्या : क्रियापदाची रूपे

आता आपण या घटकाच्या मध्यवर्ती भागाकडे येऊ. बहिष्कार ही वाक्कृती आहे, म्हणजे उच्चारातूनच घडणारी कृती. ‘आम्ही बहिष्कार टाकत आहोत’ हे वाक्य बहिष्काराची माहिती देत नाही, तर बहिष्कार घडविते. अशा कृतीचे स्वरूप तिच्या भाषेतच शोधावे लागते. समजा, तुमच्या तालुक्यात, जिंतूर, पाथरी, गंगाखेड कोठेही, एखाद्या वृत्तपत्राविरुद्ध असंतोष आहे. त्यातून पुढील सहा वाक्ये ऐकू येऊ शकतात :

१. मी हे वृत्तपत्र घेणार नाही.
२. आम्ही हे वृत्तपत्र घेणार नाही.
३. आपण हे वृत्तपत्र घेऊ नये.
४. हे वृत्तपत्र कोणीही घेऊ नये.
५. हे वृत्तपत्र आम्ही कोणालाही घेऊ देणार नाही.
६. जो हे वृत्तपत्र घेईल, त्याच्याशी समाजाने संबंध ठेवू नये.

पहिल्या वाक्यात कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे. हा व्यक्तीचा निर्धार आहे. वृत्तपत्र ही विकत घ्यावयाची वस्तू आहे; ती न घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

दुसऱ्यात ‘आम्ही’ आले. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकला आहात. येथे विचारण्याजोगा प्रश्न असा : ‘आम्ही’ म्हणजे कोण? ज्यांनी मिळून ठरविले ते, की ज्यांच्या नावाने ठरविले गेले तेही? पत्रकांत पुष्कळदा ‘समस्त समाजाच्या वतीने निर्णय घेण्यात आला आहे’ असे वाक्य असते. ‘घेण्यात आला’ या रचनेत कर्ता अदृश्य होतो. निर्णय कोणी, कोठे, किती जणांनी घेतला हे कळत नाही. कर्ता लपविणारे वाक्य दिसले की तो शोधण्याची सवय लावून घ्या. बातमीतही आणि बातमीविरुद्धच्या पत्रकातही.

तिसऱ्या वाक्यातील ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते. ‘घेऊ नये’ हे विध्यर्थाचे निषेधरूप आहे. ते आवाहन आहे, आणि आवाहन नाकारता येते. ज्याला पटत नाही, तो उद्याही अंक घेऊ शकतो आणि तरीही ‘आपण’मध्ये राहतो. सामूहिक बहिष्काराचे हे सर्वांत निरोगी रूप होय.

चौथ्यात ‘आपण’च्या जागी ‘कोणीही’ आले. क्रियापद तेच राहिले, परंतु आवाहनाचा नियम झाला. आता हा नियम समूहाबाहेरच्यांनाही लागू होऊ पाहतो.

पाचव्या वाक्यात निर्णायक बदल घडतो. ‘देणे’ हे साहाय्यक क्रियापद येते. चौथ्या वाक्यात ‘कोणीही’ हा कर्ता होता. पाचव्यात तोच ‘कोणालाही’ झाला. त्याला विभक्तिप्रत्यय लागला आणि कर्तेपद गेले. नवा कर्ता ‘आम्ही’ आहे आणि इतरांचे घेणे, न घेणे त्याच्या परवानगीवर अवलंबून आहे. वाचकाचे स्वातंत्र्य ज्या क्षणी जाते, त्याच क्षणी व्याकरणात त्याचे कर्तेपद जाते. माझ्या त्या विद्यार्थ्याची सायकल याच पायरीवर अडविली गेली होती. त्याने बातमी लिहिली नव्हती, चित्र काढले नव्हते, तो त्या वृत्तपत्राचा नोकरही नव्हता. प्रत्येक अंकामागे मिळणाऱ्या थोड्या पैशांवर त्याच्या परीक्षेचे शुल्क अवलंबून होते. ज्यांनी सायकल अडविली, त्यांचे दुःख खरे नव्हते असे तो म्हणाला नाही. मीही म्हणत नाही. परंतु त्यांच्या दुःखाची किंमत ज्याने भरली, तो त्या दुःखाचे कारण नव्हता.

सहाव्या वाक्यात ‘जो… त्याच्याशी’ ही संबंधी रचना आहे. आता बहिष्कार वृत्तपत्रावर राहिलेला नाही, तो माणसावर आला आहे. ‘वर’ जाऊन ‘ला’ आला. १८८० नंतर आणि १९०५ नंतर मिळविलेला नवा अर्थ गमावून शब्द पुन्हा वाळीत टाकण्याच्या जुन्या अर्थाकडे परतला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा वृत्तपत्र न घेणाऱ्याविरुद्ध नाही. माणसाला समाजाबाहेर काढणाऱ्याविरुद्ध आहे.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीतील अंतर एका साहाय्यक क्रियापदाचे आहे. रागाच्या भरात ते सहज ओलांडले जाते. म्हणूनच पत्रक लिहिताना, त्यावर सही करताना किंवा ते पुढे पाठविताना क्रियापद पुन्हा वाचणे आवश्यक आहे.

६.३.६ माफीची भाषा आणि संवादाच्या वाटा

बहिष्काराचा शेवट बहुधा माफीने होतो, म्हणून तिची भाषाही अभ्यासली पाहिजे. मराठीत ‘खेद’, ‘दिलगिरी’, ‘क्षमा’ आणि ‘माफी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात; पण त्यांचे वजन सारखे नाही. ‘खेद वाटतो’ म्हणणारा आपले वाईट वाटणे सांगतो. चूक कोणाची, हे सांगत नाही. ‘दिलगिरी’ हा फारसी वळणाचा शब्दही मुख्यतः मनाच्या अवस्थेविषयी बोलतो. ‘माफी मागणे’ यात मात्र दोन पक्ष येतात : मागणारा आणि देणारा. मागणारा दुसऱ्याचा अधिकार मान्य करतो.

पुढील दोन वाक्ये पडताळून पाहा :
(क) कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर आम्ही दिलगीर आहोत.
(ख) आमच्याकडून चूक झाली. त्याबद्दल आम्ही माफी मागतो.

पहिले वाक्य संकेतार्थी आहे. ‘असतील तर’ या शब्दांनी दुखावणे ही शक्यता ठरते आणि ‘कोणाच्या’ या सर्वनामाने दुखावलेला अनामिक राहतो. दुसऱ्यात घटना मान्य केली आहे. बहिष्कार पुष्कळदा पहिल्या प्रकारच्या वाक्याने लांबतो आणि दुसऱ्या प्रकारच्या वाक्याने मिटतो.

बहिष्कार ही वाचकाच्या हातातील एकमेव कृती नाही. संपादकास पत्र, खुलासा छापण्याची मागणी, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलकडे, तक्रार हे मार्ग आहेत. १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही परिषद वृत्तपत्रास समज देऊ शकते किंवा त्याच्या वर्तनाविषयी नापसंती नोंदवू शकते. दंड मात्र करू शकत नाही. या मार्गांना वेळ लागतो. परंतु त्यांत वाचकाला आपला अर्थ मांडून सांगावा लागतो, आणि वाद मुळात अर्थाचा असल्याने हे सांगणे महत्त्वाचे ठरते. नुसत्या नकाराने संपादकाला वाचक रागावला हे कळते. कोणत्या शब्दाने आणि का, हे कळेलच असे नाही.

६.४ सारांश

‘बहिष्कार’ हा शब्द मुळात समूहाने माणसाला बाहेर काढण्यासाठी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो दुर्बलांनी सत्तेशी व बाजाराशी असहकार करण्यासाठी वापरला जाऊ लागला. वृत्तपत्रही न छापण्याच्या मार्गाने एखाद्या समाजावर बहिष्कार टाकू शकते. ‘मूकनायक’ची जाहिरात हे त्याचे उदाहरण. २०१५ व २०१६ मधील घटनांत वादाचे मूळ एका चिन्हाच्या दोन वाचनांत होते. हेतूइतकाच संदर्भही अर्थ घडवितो. वाचकाचा नकार हा त्याचा हक्क आहे. ‘घेणार नाही’ व ‘घेऊ नये’ ही त्या हक्काची भाषा होय. ‘घेऊ देणार नाही’ येथे तो हक्क दुसऱ्याच्या हक्कावर पाय देतो.

६.५ पारिभाषिक शब्द

चिन्हक : चिन्हाचे दृश्य किंवा श्राव्य रूप.
चिन्हित : चिन्हातून बोध होणारी संकल्पना.
समध्वनी शब्द : उच्चार समान, अर्थ भिन्न असलेले शब्द.
वाक्कृती : उच्चारातूनच घडणारी कृती. उदा. वचन देणे, माफी मागणे.
विकारी विशेषण : नामाच्या लिंग-वचनानुसार बदलणारे विशेषण.

६.६ स्वयंअध्ययन प्रश्न – १ : उत्तरे

(अ) ‘बहिः’मध्ये विसर्गापूर्वी इ असल्याने ‘ष्’ होतो. ‘पुरः’मध्ये अ असल्याने ‘स्’ होतो.
(आ) बंदी सत्ता घालते. बहिष्कार वाचक किंवा समूह टाकतो.
(इ) विकारी विशेषण (वाणी नसलेला) आणि पुल्लिंगी नाम (चुंबन).

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. वृत्तपत्राने समाजावर टाकलेला बहिष्कार आणि समाजाने वृत्तपत्रावर टाकलेला बहिष्कार यांची तुलना करा.
२. ‘अर्थ केवळ हेतूने ठरत नाही’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. ६.३.५ मधील सहा वाक्यांत कर्ता कसा बदलत जातो, ते लिहा.

६.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वृत्तपत्र विक्रेत्यास किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालास भेटा. एखाद्या वृत्तपत्राविरुद्ध वाचकांचा रोष त्यांनी अनुभवला आहे काय, असल्यास लोकांनी नेमकी कोणती वाक्ये उच्चारली, हे विचारा. ती वाक्ये शक्यतो त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या आणि ती सहा पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर येतात, ते दोन पृष्ठांत लिहा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. विक्रेत्याचे त्या दिवशी काय झाले, हे विचारण्यास मात्र विसरू नका.